उडता शिकारी पक्षी पिसांवरून कसा ओळखायचा? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. घोडबंदरच्या विसाव्या मजल्यावरून, पाम बीच रस्त्यावरून, येऊरच्या वाटेवरून, उरणच्या खाजणातून. निळ्या आकाशात एक काळा आकार आणि खाली प्रश्न: "हा कोणता गरुड?" तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, अवघड पक्षी पुढे येतात. इथलं सगळं उडणाऱ्या पक्ष्याबद्दल आहे. फांदीवर बसलेला पक्षी ओळखताना खुणा बदलतात.

१. आमच्या सोसायटीवर रोज घिरट्या घालतो तो मोठा तपकिरी पक्षी गरुडच ना?

जवळजवळ नक्की घार. मासळी बाजार, कचऱ्याचे ढीग, कोंबडीची दुकानं, बसायला उंच टॉवर आणि तापलेल्या काँक्रीटवरून वर चढणारी गरम हवा, तिला लागतं ते सगळं आपल्या शहरांत आहे.

शेपटी बघा. मिटलेली असताना तिच्या मागच्या कडेला खाच दिसते, माशाच्या शेपटीसारखी. वळताना मात्र घार शेपटी पसरते, खाच नाहीशी होते आणि कड सरळ दिसते. बरेच जण इथेच फसतात, म्हणून दोन-तीन घिरट्या होऊ द्या. शेपटी होडीच्या सुकाणूसारखी सारखी डावी-उजवीकडे कलत असेल, पंख मनगटाशी वाकलेले असतील, खालून अंग तपकिरी आणि पंखांच्या टोकाकडच्या काळपट पिसांच्या बुडाशी फिकट डाग असेल, तर ती घार.

गरुड नाही म्हणून हिरमुसू नका. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिले पंधरा दिवस फक्त घार बघायला सांगतो. सकाळची, दुपारची, पावसात भिजलेली, कावळ्यांनी पिटाळलेली. घार पाठ झाली की वेगळा पक्षी आल्याबरोबर डोळा अडकतो. पुढच्या बहुतेक उत्तरांत तुलना घारीशीच केली आहे.

२. पिसं बघायची म्हणजे नेमकं कुठे बघायचं? सगळं इतक्या पटकन होतं!

पाच जागा ठरवून घ्या. पंखाचं टोक, पंखाचं मनगट (पंख जिथे वाकतो तो सांधा), पंखाची मागची कड, पंखाच्या पुढच्या भागातली लहान आवरण पिसं आणि मागची लांब उड्डाणपिसं यांच्या रंगातला फरक, आणि शेपटी. पोटाचा रंग सगळ्यात शेवटी. लोक नेमके पोटापासून सुरुवात करतात आणि पोट सावलीत असल्यामुळे काहीच हाती लागत नाही.

आवरण पिसं आणि उड्डाणपिसं यांतली तुलना फार कामाची आहे. पुढचा भाग पांढरा नि मागचा काळा, की पुढचा गडद नि मागचा फिकट, एवढं कळलं तरी निम्मी यादी गळून पडते. बारीक रेघा दिसल्या नाहीत तरी ही उजेड-अंधाराची वाटणी खूप लांबून कळते.

३. आकाशात अंतर कळत नाही, मग आकार कसा ठरवायचा?

कावळ्यावरून. शिकारी पक्षी दिसला की दोन मिनिटांत कावळे त्याच्यामागे लागतात, आणि आपला गावकावळा साधारण ४० सेंटिमीटर लांबीचा. शिक्रा (प्रश्न ८) आणि कापशी (प्रश्न ७) कावळ्यापेक्षा लहान. घार कावळ्यापेक्षा स्पष्ट मोठी. मागे लागलेले कावळे चिमण्यांसारखे वाटू लागले तर तो गरुड असण्याची शक्यता धरा.

एकटाच पक्षी असेल तर आकार लिहूच नका. मोकळ्या आकाशात शिक्रासुद्धा गरुडाएवढा वाटतो, मोठमोठ्या जाणकारांनाही.

४. 'पंखांची बोटं मोजा' असं सांगतात, ती कुठली बोटं?

पंख पूर्ण पसरले की टोकाची लांब पिसं हाताच्या बोटांसारखी सुटी दिसतात. तीच बोटं. शिक्र्याची पाच, त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या युरेशियन स्पॅरोहॉकची सहा. घारीची सहा, मोठ्या ठिपकेदार गरुडाची सात. ससाण्यांची बोटं जवळपास दिसतच नाहीत, पंख कोयत्यासारखा टोकदार असतो.

डोळ्यांनी मोजायचा नाद सोडा, पाठोपाठ घेतलेल्या फोटोंमध्ये मोजा. पंख अर्धवट मिटलेला असेल तर आकडा कमी येतो. एखादं पीस गळालेलं असेल तरीही (प्रश्न १७).

५. दिवाळ्याच्या जेटीवर विटकरी रंगाची, पांढऱ्या डोक्याची घार दिसली. ही वेगळी जात का?

हो, ही ब्राह्मणी घार. डोकं आणि छाती पांढरी शुभ्र, बाकी अंग विटकरी, पंखांची फक्त टोकं काळी. शेपटीला खाच नाही, कड गोलसर. दिवाळे, सारसोळे, विटावा, जिथे मासळी उतरते किंवा खाडी जवळ आहे तिथे ती हमखास भेटते. पाण्यावरून मासा किंवा मेलेलं काही उचलते आणि बऱ्याचदा उडता उडताच पायातलं खाते.

ऊन वरून पडत असेल तर खालून तिचा विटकरी रंग मळका तपकिरी वाटतो. तरी पांढरी छाती लपत नाही.

६. मग पांढरं डोकं नसलेली, पण शेपटी गोल असलेली घार कोणती?

बहुतेक वेळा ब्राह्मणी घारीचं पिल्लू, म्हणजे उडायला लागलेला पण मोठ्यांचा रंग न आलेला पक्षी. वाशीच्या खाडीपुलाजवळच्या फोटोंमध्ये 'साधी घार' म्हणून आलेले कितीतरी पक्षी हेच असतात. पूर्ण रंग चढायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर ती मळकट तपकिरीच दिसते.

फरक तीन. शेपटी गोल. पंख घारीपेक्षा आखूड आणि रुंद, त्यामुळे अंग आटोपशीर वाटतं. पंखाखाली काळ्या टोकांच्या आत मोठा फिकट चौकोनी डाग, घारीच्या डागापेक्षा ठळक. शेपटीवरून खात्री झाली नाही तर या डागाकडे बघा.

७. हवेत एका जागी पंख फडफडवत उभा राहतो, तो कोण?

इथे तिघांचा विचार करा. पहिली कापशी. पांढरी-राखाडी, कावळ्याहून लहान, वरून बघितली तर खांद्यावर काळा डाग, खालून पांढरी आणि पंखांची टोकं काळी. खारघर, उलवे, तळोजाकडच्या मोकळ्या गवताळ जागांवर ती बारा महिने दिसते. हवेत थांबताना पाय खाली सोडते आणि तरंगताना पंख वर उचलून धरते.

दुसरी खरुची, म्हणजे केस्ट्रेल. ही हिवाळ्यातली. पाठ विटेच्या रंगाची, तीवर काळे ठिपके, पंख टोकदार, शेपटी लांब आणि तिच्या टोकाला काळा पट्टा. नराचं डोकं नि शेपटी राखाडी, मादीच्या तपकिरी शेपटीवर बारीक आडवे पट्टे.

तिसरा सापमार गरुड. मोठ्या डोक्याचा, खालून फिकट, गळा-छाती बहुधा गडद, शेपटीवर तीन-चार पट्टे. एवढा मोठा पक्षी हवेत एका जागी थांबलेला बघणं हा वेगळाच अनुभव असतो. कल्याणच्या पुढे, पडघ्याकडच्या माळांवर नजर ठेवा.

८. झाडांच्या शेंड्यावरून 'फडफड-फडफड-तरंग' असा जाणारा लहान पक्षी कोणता?

शिक्रा. आखूड गोल पंख, लांब शेपटी. झाडांच्या गर्दीतून वळणं घेत सरडा, उंदीर किंवा चिमणी पकडायला ही बांधणी लागते. ठाण्यातल्या जुन्या झाडांच्या गल्ल्या आणि नवी मुंबईतल्या सेक्टरमधल्या बागा त्याला पुरेशा आहेत.

नराची पाठ राखाडी, पंख खालून जवळपास पांढरे, टोकं काळपट. छातीवर बारीक तांबूस आडव्या रेघा. अल्पवयीन शिक्र्याची छाती मात्र उभ्या, थेंबांसारख्या तपकिरी ठिपक्यांची असते आणि त्याचं नाव चुकणं अगदी ठरलेलं. आडव्या रेघा मोठ्याच्या, उभे थेंब लहानग्याचे, एवढं शिक्र्याबाबत लक्षात ठेवलंत तर पुरे. हिवाळ्यात पंखांची खालची बाजू पूर्ण भरगच्च पट्टेदार दिसली आणि सहा बोटं मोजता आली, तरच स्पॅरोहॉकचा विचार करा.

९. शिक्रा म्हणून फोटो टाकला, लोक म्हणाले पावशा. पावशा तर कोकिळेच्या कुळातला ना?

हो, आणि त्याचं सोंग इतकं बेमालूम आहे की लहान पक्षीसुद्धा त्याला बघून ओरडत पळतात. राखाडी पाठ, पट्टेदार शेपटी, शिक्र्यासारखंच फडफडत तरंगणं, बसताना तसाच खालून वर झेप घेणं.

चोच बघा. पावशाची सरळ, किंचित वाकलेली. शिक्र्याची आखूड, खाली वळलेली आकडी. उडताना पावशाचे पंख टोकदार दिसतात, बोटं सुटत नाहीत. मान पुढे ताणलेली असते. उन्हाळा सरताना आणि पावसाळ्यात 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' ऐकू येत असेल तर दुर्बीण उचलण्याआधीच सावध व्हा. शिक्रा शिकायचा तर पावशाही शिकावा लागतो, या दोघांना वेगळं करून शिकवता येत नाही असं माझं मत आहे.

१०. ऐरोलीच्या खाडीवर तिवरांच्या वर पंख वर उचलून तरंगणारा लांब शेपटीचा पक्षी?

दलदली भोवत्या, पक्षीनिरीक्षकांच्या बोलण्यात मार्श हॅरियर. ऑक्टोबरच्या आसपास येतो, मार्च-एप्रिलपर्यंत थांबतो. पंख उथळ व्हीसारखे धरून तिवरांच्या आणि गवताच्या अगदी जवळून, मान खाली घालून शोधत जातो. घार अशी कधी उडत नाही. तिचे पंख खाली झुकतात, याचे वर उचललेले.

मादी गडद चॉकलेटी, डोक्यावर आणि गळ्याशी सायीचा रंग, पंखाच्या पुढच्या कडेलाही बऱ्याचदा तोच. नराचे पंख तीन रंगांत वाटलेले, तपकिरी, राखाडी आणि काळी टोकं. मी पहिल्यांदा नर बघितला तेव्हा दोन वेगळे पक्षी एकमेकांवरून गेले असं वाटलं होतं, इतक्या त्या रंगांच्या सीमा धारदार असतात.

तपकिरी भोवत्याच्या कमरेवर, शेपटीच्या बुडाशी, पांढरा पट्टा लखलखला तर तो दलदली नव्हे. पॅलिड किंवा माँटेग्यूच्या भोवत्याची मादी किंवा पिल्लू असेल आणि त्यांतला भेद उडत्या पक्ष्यावर खरोखर कठीण आहे. नर सोपे आहेत: पॅलिड जवळपास पांढरा आणि टोकाला काळी पाचर, माँटेग्यूच्या राखाडी पंखावर आडवी काळी रेघ.

११. खाडीत सूर मारून मासा नेणारा पांढऱ्या पोटाचा पक्षी गरुड का?

ऑस्प्रे. जवळजवळ फक्त मासेच खातो. अंग खालून पांढरं, मनगटाशी काळा डाग, डोळ्यातून मागे जाणारी काळी पट्टी, लांब निमुळते पंख मनगटाशी वाकून समुद्रपक्ष्यांसारखे दिसतात. मासा नेताना त्याचं तोंड पुढे ठेवून धरतो. हिवाळी पाहुणा आहे. नुसत्या पांढऱ्या पोटावरून ब्राह्मणी घारीशी गल्लत होते, पण ब्राह्मणीचं पोट विटकरी असतं.

१२. ठाणे खाडीवर हिवाळ्यात खरोखरचा गरुड येतो म्हणतात. घारींच्या गर्दीतून तो कसा शोधायचा?

येतो. मोठा ठिपकेदार गरुड, ग्रेटर स्पॉटेड ईगल. जगभर संख्या घटल्यामुळे तो संकटग्रस्त गणला जातो, आणि तो आपल्या खाडीच्या पाणथळीत हिवाळा काढतो ही गोष्ट मला दरवर्षी नव्याने मोठी वाटते. २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. सगळ्यांचं लक्ष फ्लेमिंगोंकडे असतं. वर बघायला विसरू नका.

पंखांच्या विस्तारात तो घारीपेक्षा फार मोठा वाटत नाही, पण रुंदीत फरक आहे. घारीचा पंख फळीसारखा, याचा दारासारखा. शेपटी आखूड, त्यामुळे मागून पक्षी तोडल्यासारखा दिसतो. बोटं सात, लांब आणि खोल. तरंगताना पंख खाली झुकतात.

आता पिसं. मोठा पक्षी खालून जवळपास एकसारखा गडद. आवरण पिसं उड्डाणपिसांएवढीच किंवा त्यांहून गडद. मनगटाच्या बाहेर, टोकाच्या पिसांच्या बुडाशी, पांढरी स्वल्पविरामासारखी कोर. वरून दिसला तर शेपटीच्या बुडाशी पांढरी किनार. पिल्लाच्या पंखांवर वरच्या बाजूने पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी असतात आणि गरुडाला 'ठिपकेदार' हे नाव त्यांवरून मिळालं आहे. मोठ्या पक्ष्यावर ठिपके शोधत बसू नका, तिथे ते नसतात.

पंखाखाली पांढरा रुंद पट्टा पूर्ण लांबीभर धावताना दिसला तर तो स्टेपी गरुडाचं पिल्लू. फोटो जपून ठेवा आणि जाणकारांना दाखवा.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा. भरतीला चिखल बुडतो, पाणपक्षी एका जागी गोळा होतात आणि त्यांचा अख्खा थवा अचानक उठला तर दुर्बीण थव्यावर धरू नका, त्याच्या वर धरा.

१३. मे महिन्यात आमच्या गच्चीवर ठिपकेदार गरुड दिसला. छातीवर, पंखांवर ठिपके स्पष्ट होते!

ते घारीचं पिल्लू असावं. घारी हिवाळ्याच्या सुमारास घरटी बांधतात आणि उन्हाळ्यात पिल्लं उडू लागतात. त्यांच्या छातीवर फिकट उभ्या रेघा आणि पंखांच्या वरच्या पिसांना फिकट टोकं असतात, त्यामुळे ती खवल्यांसारखी ठिपकेदार दिसतात. शेपटीची खाचही मोठ्यांपेक्षा उथळ. मोठा ठिपकेदार गरुड मे महिन्यापर्यंत उत्तरेला परतलेला असतो, म्हणजे महिनाच निम्मं उत्तर देतो.

जवळच एखादी मोठी घार असेल आणि हा पक्षी तिच्याकडे बघून सारखा कुईकुई शीळ घालत असेल, तर शंकेला जागा नाही.

१४. हिवाळ्यातल्या काही घारी मोठ्या आणि पंखाखाली जास्त पांढऱ्या दिसतात. भास होतो का?

भास नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून काळ्या कानाची घार येते. ती आपल्या घारीचीच उपजात आहे. आकाराने मोठी, पंखाखालचा डाग मोठा आणि पांढरा, शेपटीच्या बुडाखालचा भाग फिकट, डोळ्यामागे गडद ठसा. पण मधल्या खुणांचे पक्षीही दिसतात, तेव्हा सगळ्या खुणा एकत्र मिळाल्याशिवाय वहीत 'घार' एवढंच लिहा.

१५. येऊरला 'क्ली-क्ली' ओरडत वर चढणारा पक्षी आणि त्याच्याच आसपास उडणारा लहान डोक्याचा पक्षी एकच का?

वेगवेगळे. ओरडणारा सर्पगरुड. ओळखायला सगळ्यात दिलदार पक्षी: पंखाखाली मागच्या कडेजवळ रुंद पांढरा पट्टा, त्याच्या बाहेर काळी किनार, शेपटीवर तसाच पांढरा पट्टा. हा पट्टा मैलावरून दिसतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ऊन तापलं की येऊर आणि मामा-भांजे डोंगराच्या बाजूने बहुतेक आधी त्याची हाक येते, मग तो.

लहान डोक्याचा म्हणजे मधुबाज. मान लांब, डोकं कबुतराएवढं, पंख सपाट धरून तरंगतो, शेपटी लांब. त्याच्या पिसांच्या रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका. जवळजवळ काळा, विटकरी, पांढरा, पट्टेदार, सगळ्या रंगांत मधुबाज असतो. मोहोळातल्या अळ्या हे त्याचं खाणं, म्हणून इमारतींच्या छज्जांवर मोहोळं असलेल्या भागांतही तो भेटतो. नराच्या शेपटीवर दोन रुंद काळे पट्टे आणि पंखाच्या मागच्या कडेला जाड काळी किनार, त्याच्या रंगाच्या गोंधळात हीच एक भरवशाची जागा. सर्पगरुडाचं पिल्लू फिकट असतं आणि मधुबाजासारखं वाटतं. तेव्हा डोकं बघा, सर्पगरुडाचं डोकं मोठं आणि मान भरलेली असते.

१६. घारीसारखाच गडद पक्षी, पण शेपटी सरळ. प्रश्न ६ मधली ब्राह्मणी घारही वाटत नाही. काय असेल?

गडद रंगाचा बूटेड ईगल शोधा. हिवाळ्यात घारींच्या घिरट्यांमध्ये मिसळून फिरतो आणि शेकडो घारी नजरेखालून घालणाऱ्यालाच सापडतो. शेपटीची कड सरळ आणि तो ती घारीसारखी सारखी कलवत नाही. पंखावर वरच्या बाजूला तिरकी फिकट पट्टी, शेपटीच्या बुडाशी फिकट कोर. समोरून तुमच्याकडे येत असेल तर मानेच्या दोन्ही बाजूंना, पंख अंगाला जुळतो तिथे, दोन पांढरे ठिपके चमकतात, मोटारीच्या दिव्यांसारखे.

याच जातीचा फिकट रंगाचा पक्षी अगदी वेगळा: आवरण पिसं पांढरी, उड्डाणपिसं काळी. तोही लहान गरुडच आहे, फक्त रंग दुसरा. एका जातीचे दोन रंग असू शकतात हे मधुबाजाच्या वेळी पचतं, इथे लोक वाद घालतात.

१७. पंखात मोठी फट दिसतेय. ही वेगळ्या जातीची खूण आहे की पक्षी जखमी आहे?

दोन्ही पंखांत सारख्याच जागी फट असेल तर ती पिसं बदलण्याची वेळ. पक्षी जुनी पिसं टप्प्याटप्प्याने टाकतात, सहसा दोन्ही बाजूंची जोडीने, म्हणजे तोल जात नाही. या काळात घारीची शेपटी सरळ, गोल किंवा वेडीवाकडी, काहीही दिसू शकते.

फट एकाच पंखात असेल, पिसं मोडून लोंबत असतील किंवा पंख खाली पडत असेल, तर जखम समजा. जानेवारीत, संक्रांतीच्या आगेमागे, हे मांजामुळे होतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी झाडांवर आणि तारांवर तो अजूनही लटकताना दिसतो. पक्षी खाली पडला असेल तर जाड कापड टाकून हवेशीर खोक्यात, अंधारात ठेवा, पाणी-खाणं तोंडात घालू नका आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. गुंतलेला मांजा ओढू नका, त्याने पिसंच काय, स्नायूही कापले जातात.

१८. मिनारासारख्या टॉवरच्या टोकावरून कबुतरांवर झेपावणारा टोकदार पंखांचा पक्षी?

बहिरी ससाणा. हिवाळ्यात येणारा पाठीवर निळसर-राखाडी, छाती पांढरट, गालावर मिशीसारखा काळा डाग. डोंगरकड्यांवर राहणारा शाहीन त्याचीच उपजात, पोट तांबूस, डोकं जास्त गडद. झेपेत त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो, तेव्हा पिसं बघायची ती तो टॉवरवर परत चढताना.

१९. माझ्या फोटोत पक्षी नेहमी काळाच येतो. पिसं कशी दिसणार?

आकाश उजळ असतं आणि कॅमेरा त्यानुसार अंधार करतो. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा, आकाश पांढरं झालं तरी चालेल, पोट दिसलं पाहिजे. सूर्य पाठीशी घ्या. सकाळी खाडीच्या ठाण्याकडच्या काठावरून सूर्य समोर येतो आणि नवी मुंबईच्या काठावरून पाठीशी, संध्याकाळी उलट.

जमिनीचा उजेडही फसवतो. मिठागरावरून किंवा उथळ पाण्यावरून जाणाऱ्या पक्ष्याचं पोट खालून उजळतं, आहे त्याहून फिकट भासतं. तोच पक्षी तिवरांवर गेला की काळवंडतो. एका फोटोवरून रंग ठरवू नका, चार घ्या.

२०. ॲपने 'गोल्डन ईगल' सांगितलं. नोंद करू का?

नका करू. सोनेरी गरुड हिमालयातला पक्षी. ॲप फोटोतली आकृती बघतं, तुम्ही बघितलेलं उडणं, कावळ्याशी तुलना त्याला माहीत नसतात. ॲपने दिलेलं नाव गृहीतक समजा आणि प्रश्न २ मधल्या पाच जागा तपासा.

२१. खाली पडलेलं शिकारी पक्ष्याचं पीस सापडलं. घरी ठेवू का?

जागेवरच ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत हे येतं. बाजूला पट्टी किंवा पेन ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. टोकाकडचं लांब पीस एका बाजूला अरुंद आणि दुसऱ्या बाजूला रुंद असतं, शेपटीचं मधलं पीस दोन्हीकडे जवळपास सारखं. एवढ्यावरून पीस कुठल्या जागेचं हे तरी कळतं.

२२. खूप बघूनही नाव सापडलं नाही तर वहीत काय लिहायचं?

जे दिसलं तेवढंच, आणि जे दिसलं नाही तेही. माझ्या वहीतली एक नोंद देतो, अजूनही नावाविना:

"सकाळी ९.४०, पारसिक टेकडी. कावळ्याच्या दुप्पट. पंख सपाट. खालून गडद, मागची कड उजळ की झीज, कळलं नाही. शेपटी मिटलेली, खाच नाही. बोटं मोजता आली नाहीत. वरची बाजू दिसली नाही. दोन घारींसोबत वर चढला, बेलापूरच्या बाजूला गेला."